चेस नदी (चेशम ते रिकमन्सवर्थ): मुलांना घेऊन कधी जावं, कुठून चालावं, काय दिसेल?

रानमेवा

लंडनजवळ वॅटफर्डला राहते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही चार कुटुंबं मिळून चेस नदीच्या काठाने एक दिवस चालायचा बेत करतोय. मुलं ७ ते १२ वयाची. ही चॉक स्ट्रीम आहे, म्हणजे चॉक या मऊ पांढऱ्या चुनखडकातल्या झऱ्यांवर वाहणारी नदी, जगातल्या अशा नद्यांपैकी सुमारे ८५ टक्के एकट्या इंग्लंडात आहेत, एवढं वाचून झालंय. आता जाणकारांसाठी प्रश्न:

१. ऑक्टोबरात पाऊस चालू असतानाही चेशम गावात पात्र कोरडं असतं आणि मार्चमध्ये स्वच्छ ऊन असताना तेच पात्र भरून वाहतं. हे उलटं कसं?
२. अख्खी १६ किमीची वाट मुलांना झेपणार नाही. कोणता तुकडा निवडावा?
३. वॉटर व्होल (नदीकाठी बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी) दिसण्याची शक्यता कितपत? दिसलाच तर तो साधा उंदीर नाही हे कसं ओळखायचं?
४. पाण्यात वॉटरक्रेस भरपूर दिसते. तोडून भाजी केली तर चालेल का?
५. काही ठिकाणी आख्खे ओंडके पाण्यात पडलेत, त्यातले काही खुंट ठोकून बांधलेले दिसतात. कोणी साफ करत नाही की मुद्दाम ठेवलेत?
६. मुलांना पाण्यात उतरू द्यावं का?

---

भूजल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

चेसमध्ये जे वाहतं ते जवळजवळ सगळं भूजल आहे. चिल्टर्नच्या टेकड्या चॉकच्या, म्हणजे १० कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचं साचून बनलेल्या मऊ पांढऱ्या दगडाच्या. या दगडाचा ३० ते ४० टक्के भाग पोकळ असतो. पण पोकळ्या इतक्या बारीक की त्यांतलं पाणी धरलेलं राहतं, हलत नाही. हलतं ते भेगांमधलं. टेकडीवर पडलेला पाऊस पृष्ठभागावरून वाहतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून तिथे ओढे नाहीत, नुसत्या कोरड्या दऱ्या आहेत. पाणी खाली मुरतं, भूजलाची पातळी चढते आणि ती दरीच्या तळाला टेकली की तिथे झरे फुटतात. हीच नदी.

आता ऑक्टोबर. एप्रिल ते सप्टेंबरचा पाऊस गवत, झाडं आणि पिकं पिऊन टाकतात. सप्टेंबरअखेर माती इतकी सुकलेली असते की शरदातला पहिला पाऊस तिला ओलं करण्यातच खर्ची पडतो. खाली उतरतं ते साधारण नोव्हेंबर ते मार्चचं पाणी, आणि त्यालाही पोचायला आठवडे ते महिने लागतात. त्यामुळे झरे फेब्रुवारी ते एप्रिल जोरात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत क्षीण. तुम्ही जाल तेव्हा नदी कशी असेल याचा अंदाज हवा असेल तर मागच्या आठवड्यातला पाऊस बघू नका, मागचा हिवाळा कसा गेला ते बघा.

चिल्टर्नमध्ये वर्षाला ७०० ते ७५० मिमी पाऊस पडतो, म्हणजे जवळपास पुणे शहराइतकाच. पुण्यात तो चार महिन्यांत कोसळतो आणि खाली बेसॉल्ट. बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं. तो थर पावसाळ्यात भरतो, वरचं पाणी ओढ्यांनी निघून जातं आणि उन्हाळ्याआधीच विहिरींचा तळ दिसू लागतो. चॉकमध्ये साठा टेकडीभर पसरलेला आणि निचरा संथ. म्हणून चॉकच्या नदीला पूर क्वचित येतो आणि पाणी सहसा गढुळत नाही. झऱ्याचं तापमानही बाराही महिने १० ते ११ अंश सेल्सिअस.

अवांतर: चॉकचा काळ जिथे संपतो, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, त्याच सुमाराला आपल्याकडे दख्खनचा लाव्हा बाहेर पडला. त्याआधीच्या समुद्राचा चुनखडक नर्मदेच्या खोऱ्यात बाघच्या आसपास आजही उघडा दिसतो. तो आणि चिल्टर्नचा चॉक ढोबळ मानाने एकाच युगातले.

चेशममधलं पात्र कोरडं पडण्यात निसर्गाइतकाच माणसाचाही हात आहे. वॅटफर्डच्या नळाला येणारं बरंचसं पाणी याच चॉकमधून उपसलेलं असतं, किटलीत बसणारा पांढरा थर त्याचाच. दरीच्या माथ्याशी उपसा झाला की पातळी झऱ्यांच्या खाली राहते आणि नदीचा उगम खाली सरकतो. चेशमजवळची आल्मा रोड आणि चार्ट्रिज ही दोन उपसा केंद्रं २०२० मध्ये थांबवली. त्याने पात्र बारमाही होईल असं मात्र समजू नका. वरचा टप्पा मुळातच हंगामी आहे, फरक पडेल तो कोरडे महिने कमी होण्यात.

गावाच्या खाली सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तिथून पुढे नदी कधीच आटत नाही, कारण कोरड्या दिवसांत प्रवाहाचा मोठा हिस्सा प्रक्रिया केलेलं सांडपाणीच असतं. आणि ओल्या हिवाळ्यात उलटी भानगड होते. भूजल इतकं चढतं की गावाच्या जुन्या गटारांच्या सांध्यांतून आत शिरतं, केंद्राची क्षमता संपते आणि ओव्हरफ्लो उघडतो, म्हणजे पूर्ण प्रक्रिया न झालेलं सांडपाणी थेट नदीत जातं. इतर ठिकाणी तो मुसळधार पावसापुरता चालतो. चॉकच्या दरीत आभाळ कोरडं असताना आठवडेच्या आठवडे चालू राहू शकतो. तुमच्या सहाव्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

---

पायपीट

रानमेवाताई, तुकडा सांगतो: चाल्फंट अँड लॅटिमर स्टेशनला उतरायचं आणि चोर्लीवूडला गाडी पकडायची. दोन्ही लंडन अंडरग्राउंडच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर शेजारची स्टेशनं, त्यामुळे परत फिरून त्याच जागी यावं लागत नाही. वॅटफर्डहून मूर पार्कला गाडी बदलावी लागेल.

स्टेशन ते लॅटिमर सुमारे २ किमी, उतार आणि जंगल. लॅटिमर ते चेनीज ते सॅरट बॉटम नदीकाठाने ४ किमी, आणि सॅरट बॉटमहून चोर्लीवूड ३ किमी चढ. एकूण ९ ते १०. मोठ्यांना अडीच तास पुरतात, मुलं आणि पुलांवर थांबणं धरून पाच ठेवा. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे एक्स्प्लोरर १७२.

लॅटिमरच्या खाली नदी रुंद होऊन तळं झाल्यासारखी दिसते. ते उद्यानासाठी बांध घालून केलेलं पाणी आहे, तिथे बदकं आणि कूट (काळा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी) दिसतील, पण चॉकच्या नदीची जी मजा आहे ती बांधाच्या खाली सुरू होते. लॅटिमर ते चेनीजच्या मध्ये शेतात विटांचं एक एकटं थडगं लागतं, विल्यम लिबर्टी नावाच्या वीटवाल्याचं, १७७७ सालचं. मुलांना तिथे डबा खायला बसवता येतं. सॅरट बॉटमनंतरचा भाग एम२५ महामार्गाखालून जातो आणि लाउडवॉटरला काठ बहुतेक खासगी बागांच्या आत. तो सोडलात तर काही बिघडत नाही.

प्रॅम नेऊ नका, किसिंग गेट्स आहेत, म्हणजे एका वेळी एकच माणूस जाईल अशी फाटकं. वाटेत स्वच्छतागृह नाही असं धरून चाला. जूनमध्ये नेटल (अंगाला लागली की आग होणारी वनस्पती) मुलांच्या कमरेपर्यंत येतो, हाफ पँट घातली की रडारड ठरलेली. कुरणांत वासरांसकट गाई सोडलेल्या असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, आणि कुत्रा असेल तर साखळीला.

---

खंड्या

वॉटर व्होलबद्दल. २००१ ते २००३ या काळात चेसवरचे व्होल जवळजवळ संपले होते. कारण अमेरिकन मिंक. फरसाठी पाळलेले आणि सुटलेले. मिंकची मादी इतकी सडपातळ असते की व्होलच्या बिळात सहज शिरते, त्यामुळे बिळात लपून वाचण्याचा उपायच उरत नाही. मिंकवर सातत्याने नियंत्रण ठेवल्यावर व्होल परतले. हे काम कधी संपत नाही. एक मादी राहून गेली तरी एका उन्हाळ्यात दोन-तीन किमीचा काठ रिकामा होतो.

दिसण्याची शक्यता मार्चअखेर ते एप्रिल सर्वांत जास्त, कारण काठावर झाडोरा वाढलेला नसतो. जूनमध्ये व्होल संख्येने जास्त असतात पण दिसत नाहीत. तेव्हा खुणांवर भर द्या:

बीळ ४ ते ८ सेंमी रुंद, पाण्याच्या रेषेजवळ, तोंडाशी मातीचा ढीग नाही. तोंडाभोवती गवत हातभर अंतरावर एकसारखं कुरतडलेलं. खाण्याच्या जागी सुमारे १० सेंमीचे देठांचे तुकडे रचलेले, टोक तिरकं, ४५ अंशात कापलेलं. लेंड्या ८ ते १२ मिमी, दोन्ही टोकं गोल, एकाच ठिकाणी ढिगाने, वास जवळजवळ नाही. उंदराच्या लेंड्या मोठ्या, टोकदार आणि घाण वासाच्या असतात.

प्राणी समोर आला तर तीन गोष्टी बघा: नाक बोथट, कान केसांत बुडालेले, शेपटी केसाळ आणि अंगापेक्षा बरीच आखूड. उंदराचं नाक टोकदार, कान उघडे, शेपटी खवलेदार आणि लांब. बहुतेकदा मात्र फक्त "डुबुक" ऐकू येतं. ऐकलंत की जिथे आहात तिथेच दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, तो बहुधा त्याच टप्प्यात वर येतो. बिळाच्या अगदी वर काठावर उभं राहू नका, माती ढासळते. आणि बिळाला धक्का लावणं कायद्याने गुन्हा आहे.

पक्ष्यांत बरेच ओळखीचे चेहरे भेटतील. इथला खंड्या म्हणजे आपल्याकडचा लहान निळा खंड्याच, जात तीच. लहान बगळाही तोच, पण इंग्लंडात त्याने पहिलं घरटं १९९६ मध्ये डॉर्सेटच्या ब्राउनसी बेटावर केलं, आता चेसवर रोजचा. करडा धोबी, पाणकोंबडी, राखी बगळा आहेतच. डोक्यावर दुभंगलेल्या शेपटीची तांबूस घार फिरताना दिसेल, ती १९८९ पासून स्पेनमधली पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये पुन्हा वसवलेली. हिवाळ्यात गेलात तर सॅरटच्या वॉटरक्रेस वाफ्यांवर ग्रीन सँडपायपर बघा, म्हणजे आपल्याकडे थंडीत धरणांच्या काठी शेपटी हलवत फिरणारी तुतारी. झऱ्याचं पाणी गोठत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत दरीतले पाणपक्षी अशा वाफ्यांवर गोळा होतात.

---

पाणकाठ

वरच्या प्रतिसादांना +१, पण एक मतभेद. व्होलसाठी एप्रिल ठीक. मुलांना न्यायचं तर मेचा शेवटचा आठवडा. शाळांना हाफ-टर्मची सुट्टी असते आणि मेफ्लाय नेमकी तेव्हाच बाहेर पडते.

मोठी मेफ्लाय, एफेमेरा डॅनिका, हिची अळी गाळमिश्रित वाळूत बीळ करून साधारण दोन वर्षं काढते. मग मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारनंतर हजारोंनी वर येतात. पाण्यावर कात टाकून धुरकट, पिवळसर पंखांची माशी उडते आणि काठावरच्या पानाखाली जाऊन बसते. तिथे ती पुन्हा एकदा कात टाकते. पंख आल्यावर कात टाकणारा दुसरा कीटक नाही. मुलांना दाखवायचंच असेल तर पानं उलटून बघा. रिकामी कात शेपटीच्या तीन धाग्यांसकट पानाला चिकटलेली असते, इतकी हलकी की फुंकर मारली तर उडते. आता पंख काचेसारखे पारदर्शक. तोंड निकामी, पोट हवेने भरलेलं, आयुष्य दोन-तीन दिवसांचं. संध्याकाळी पाचच्या पुढे काठावरच्या झाडांच्या शेंड्याशी नर वर-खाली नाचताना दिसतील. वारा किंवा पाऊस असेल तर तो दिवस फुकट.

पाण्यावर निळ्या पंखांची टाचणी (चतुरासारखा नाजूक कीटक) दिसेल, बँडेड डेमॉयझेल. पंखावर गडद निळा पट्टा असेल तर नर, मादी हिरवी.

पाण्याखालचं बघायचं तर पांढरा ट्रे, भिंग, एवढंच पुरे. दगड उचला, खालची बाजू ट्रेमध्ये हलकेच धुवा, बघा आणि दगड त्याच जागी, त्याच बाजूने ठेवा. कडेवर पडून सपासप पोहणारा गॅमरस (कोळंबीसारखा छोटा जीव), वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून घर करणारी कॅडिसची अळी, आणि ऑलिव्ह नावाच्या छोट्या मेफ्लायच्या अळ्या नक्की मिळतील. स्वयंसेवक नदीची दर महिन्याला करतात ती तपासणी याचीच शिस्तबद्ध आवृत्ती: १ मिमी जाळीच्या नेटने ३ मिनिटं पायाने तळ ढवळून नमुना, १ मिनिट दगड हाताने तपासायचे, आणि किड्यांचे आठ गट मोजायचे. एका गटात ९ पर्यंत असतील तर १ गुण, ९९ पर्यंत २, ९९९ पर्यंत ३, पुढे ४. बेरीज त्या ठिकाणाच्या ठरलेल्या पातळीखाली गेली की पुन्हा नमुना, आणि तरीही कमी आली तर पर्यावरण खात्याला फोन. रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी सांगते. गॅमरस अचानक गायब झाला असेल तर मागच्या काही दिवसांत काहीतरी वाहून गेलं हे कळतं. कीटकनाशक आलं की सहसा सर्वांत आधी तोच जातो.

वॉटरक्रेस: नदीतली खाऊ नका. ती हळिवाच्याच कुळातली आणि चवीला झणझणीत, हे खरं. पण जिथे मेंढ्या-गाई चरतात तिथे लिव्हर फ्ल्यूकचा धोका असतो. या कृमीच्या अळ्या एका छोट्या गोगलगायीतून बाहेर पडून पाणवनस्पतीच्या पानावर कोष करून बसतात. कोष धुऊन निघत नाही, मिठाच्या पाण्यानेही नाही. शिजवल्यावर मरतो, पण वर भूजल यांनी लिहिलंय ते सांडपाणी आहेच. विकायची क्रेस झऱ्याच्या किंवा बोअरच्या पाण्यावर, गुरांपासून तोडलेल्या वाफ्यात वाढवतात. ती घ्या.

दुसरा धोका ओळखण्याचा. तिच्याशेजारी फूल्स वॉटरक्रेस उगवते. पानं दातेरी, फुलं छत्रीसारख्या गुच्छात, चुरडल्यावर गाजराचा वास. ती विषारी नाही. पण त्याच कुळातली, कोथिंबिरीसारख्या पानांची आणि पोकळ जाड देठाची हेमलॉक वॉटर-ड्रॉपवर्ट अशाच ओल्या काठांवर वाढते आणि ती जीव घेते. "कोथिंबिरीसारखं दिसतंय" म्हणून मुलांनी चावून बघण्याआधी सांगून ठेवा.

मध्यभागी लांब हिरव्या केसांसारखी डुलणारी, मे-जूनमध्ये पांढरी फुलं पाण्यावर काढणारी वनस्पती म्हणजे वॉटर क्रोफूट. तिला वाहतं पाणी, स्वच्छ खडी आणि ऊन, तिन्ही लागतं. ती प्रवाहाला अडवते म्हणून उन्हाळ्यात प्रवाह घटला तरी पाण्याची उंची टिकते. दोन झुबक्यांमध्ये पाणी जोरात जाऊन खडी धुतली जाते आणि झुबक्यामागे गाळ बसतो. क्रोफूट गेली की नदी उथळ आणि एकसुरी होते.

---

ओंडकेवाला

पाचवा प्रश्न. मुद्दाम ठेवलेत.

चेसवर पूर्वी पिठाच्या, कागदाच्या गिरण्या होत्या. गिरणीसाठी पात्र रुंद केलं, बांध घातले. पाणी तेवढंच आणि पात्र दुप्पट, मग वेग मेला आणि खडीवर गाळ बसला. ट्राउट नोव्हेंबर ते जानेवारीत १० ते ५० मिमीच्या खडीत खड्डा करून अंडी घालते आणि खडीनेच झाकते. अंड्यांना खडीमधून वाहणाऱ्या पाण्यातून प्राणवायू मिळतो. फटी बारीक गाळाने बुजल्या की वरून पाणी कितीही नितळ दिसो, अंडी आत गुदमरतात. पात्र अरुंद करणं हाच उपाय, आणि ओंडका हे त्याचं सर्वांत स्वस्त साधन.

ओंडका काठापासून वरच्या दिशेला, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, ३० अंशांच्या आसपास कललेला ठेवतात. चेस्टनटचे खुंट दोन्ही बाजूंनी ठोकून तारेने आवळायचा, पात्राचा तिसरा ते निम्मा भाग अडेल इतका. दिशा चुकली की सगळं चुकतं. पाणी अडथळ्यावरून जाताना त्याच्याशी काटकोन करून उतरतं. ओंडका वर कललेला असेल तर ते पात्राच्या मध्यावर येतं आणि तिथे डोह खणतं. खाली कललेला असेल तर पाणी थेट काठावर आदळतं आणि दोन हिवाळ्यांत काठ जातो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फार उंच ठेवणं. मग त्यामागे पाणी तुंबतं आणि जो गाळ हलवायचा तोच अडकतो. उन्हाळ्यातल्या पातळीच्या थोडं वर, हिवाळ्यात बुडेल असा हवा. मुख्य नदीत असं काही करायला पर्यावरण खात्याचा परवाना लागतो, आणि मुलांनी खुंट उपटून सेतू बांधू नये ही विनंती.

काठावर जाळीत बांधलेल्या फांद्यांचे भारे दिसतील. ते गाळ धरण्यासाठी. वर्षभरात त्यावर सेज (लव्हाळ्यासारखं गवत) आणि क्रेस उगवते, नवा काठ तयार होतो आणि व्होल त्यात राहायला येतात.

मासे बघायचे तर पोलराइज्ड गॉगल घाला आणि सूर्य पाठीशी ठेवून पुलावर उभे राहा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी शेपटी हलवत असते, आधी तिची तळावरची सावली दिसते. ग्रेलिंगचा पाठीवरचा पर मोठा, शिडासारखा. तळाला दगडाच्या रंगाचा, डोकं मोठं, बोटभर मासा म्हणजे बुलहेड. अमेरिकेतून आणलेल्या रेनबो ट्राउटने नैसर्गिकरीत्या वीण घातल्याची नोंद ज्या मोजक्या इंग्लिश नद्यांवर आहे, त्यात चेस आहे.

---

रानमेवा

सगळ्यांचे मनापासून आभार, मेचा शेवटचा आठवडा पक्का. अजून दोन गोष्टी. एका कुटुंबाचा लॅब्राडोर आहे, पाणी दिसलं की उडीच मारतो. आणि काठाला जांभळट-गुलाबी फुलांचं, तेरड्यासारखं दिसणारं उंच झाड मागच्या सप्टेंबरात खूप होतं. ते काय?

---

पाणकाठ

तेरड्याच्याच कुळातलं आहे, हिमालयन बालसम. १८३९ मध्ये बागेसाठी आणलं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण हा बेटा जुलै ते ऑक्टोबर फुलतो, अडीच मीटरपर्यंत वाढतो आणि खालचं गवत मारून टाकतो. हिवाळ्यात स्वतः मरतो, मग उघडा पडलेला काठ थेट नदीत उतरतो. खडीवरचा गाळ कुठून येतो याचं हे एक उत्तर. एका झाडाला सुमारे ८०० बिया, शेंग फुटून सात मीटरपर्यंत उडतात आणि पाण्याबरोबर खाली जातात.

मेअखेरीस ती गुडघाभर उंचीची असतील, लालसर रसाळ खोड. मुळासकट सहज उपटतात. फक्त सगळ्यांत खालच्या पेऱ्याच्या वर तुटलं तर पुन्हा फुटतं. उपटलेली झाडं पाण्यापासून दूर, कोरड्या जागी ढीग करून ठेवतात. काठ कुणाच्या मालकीचा हे माहीत नसताना स्वतःहून उपटत सुटू नका, स्थानिक गट जून-जुलैत एकत्र मोहिमा काढतात, त्यात मुलांना घेतात. शेंगा आल्यावर हात लावायचा नाही. मुलं हमखास फोडतात आणि तेच बी पेरणं झालं.

लॅब्राडोर: मानेवर टाकायचं पिसवांचं औषध लावलं असेल तर पाण्यात अजिबात नको. त्यात फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, दोन्ही पाण्यातल्या किड्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक. लावल्यावर काही आठवडे ते धुऊन निघत राहतं. औषध नसेल तरी क्रोफूटच्या झुबक्यांत आणि व्होलच्या काठावर नको.

---

ओंडकेवाला

मुलांच्या उतरण्याचं: मेअखेर खडीतली अंडी फुटून पिल्लं बाहेर आलेली असतात, त्यामुळे घोट्याएवढ्या पाण्यात, जिथे वाट आधीच पाण्याला टेकते तिथे, उतरायला हरकत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल खडीवर पाय नको. आदल्या दिवशी ओव्हरफ्लोचा ऑनलाइन नकाशा बघा. चेशमचा चालू असेल किंवा नुकताच बंद झाला असेल तर काठावरूनच बघायचं. जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी, डोकं बुडवायचं नाही, डब्याआधी साबणाने हात. सॅनिटायझर यावर पुरेसं नाही.

नेटमध्ये मोठ्या नांग्यांचा खेकड्यासारखा प्राणी आला तर तो बहुधा अमेरिकन सिग्नल क्रेफिश. नांगीच्या सांध्यावर पांढरट-निळा ठिपका, खालची बाजू लाल. तो काठ पोखरतो आणि इथल्या मूळ क्रेफिशला मारणारा रोग बाळगतो. मुद्दाम पकडायला परवाना लागतो आणि पकडलेला परत सोडणं बेकायदा, म्हणून काठाच्या भोकांत हात किंवा नेट घालूच नका. घरी आल्यावर बूट, नेट, ट्रे सगळं ४५ अंशाच्या पाण्यात १५ मिनिटं किंवा स्वच्छ करून पूर्ण सुकल्यावर अजून ४८ तास कोरडं. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या बुटांनी गेड किंवा वेर या जवळच्या नद्यांवर जाऊ नका.

---

पायपीट

सुट्टीच्या आठवड्यात मेट्रोपॉलिटनवर कामं काढतात, आदल्या रात्री बघून ठेवा. रेल्वे बंद असेल तर चोर्लीवूडपर्यंत स्वतःची गाडी नेऊन सॅरट बॉटम ते चेनीज आणि परत एवढंच करा. मेफ्लाय, क्रोफूट, ओंडके सगळं त्याच दोन किमीत आहे. सॅरट बॉटमच्या गल्लीत मात्र गाडी लावायला जागा नाही.